काय दिवे लावणार?

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की आमच्या वसाहतीच्या सभागृहात एक प्रदर्शन भरते. विशेष शाळांतल्या मुलांनी रंगविलेल्या पणत्या, उटण्याच्या पुड्या, कागदी आकाशकंदील, हातांनी वळलेल्या वाती. गर्दी चांगली होते. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी माणसे येथे उरलेले सुटे पैसेसुद्धा परत मागत नाहीत. पणती हातात घेऊन, जरा उलटीसुलटी करून, "किती सुबक केली आहे हो बिचाऱ्यांनी!" एवढे म्हणतात आणि समाधानाने घरी जातात. मीही दरवर्षी डझनभर पणत्या आणतो. त्या चांगल्या असतात, तेल पीत नाहीत. माझे भांडण पणतीशी नाही. माझे भांडण त्या 'बिचाऱ्यांनी' या शब्दाशी आहे, आणि सणासुदीचे दिवस असूनही ते मी आज करणार आहे.

बिचाऱ्याने पणती रंगविली की आपल्याला गहिवर येतो. तोच बिचारा उद्या वही घेऊन नगरपालिकेच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आपल्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्च करण्याचा नियम आहे. गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले ते मला दाखवा, मी त्याचा अभ्यास करतो आहे," तर? तर तो बिचारा राहत नाही. तो आगाऊ होतो.

२०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात 'सारथी' संस्थेच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या फेलोशिपचा विषय निघाला होता. जागा दोनशेच का, असे विचारले गेले. (सरकारी मराठीत फेलोशिपला 'अधिछात्रवृत्ती' म्हणतात, शब्द दाताखाली खड्यासारखा येतो, म्हणून मी तो वापरीत नाही.) तेव्हा एका ज्येष्ठ मंत्र्यांनी विधान परिषदेत उलट सवाल केला की, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत? पुष्कळ आरडाओरडा झाला, आणि पुष्कळांनी मनातल्या मनात माना डोलावल्या. मला तो सवाल फार मोलाचा वाटतो. त्याला रागावून नव्हे, नीट उत्तर दिले पाहिजे. आणि ते उत्तर द्यावयास अपंगांविषयीच्या धोरणाचे संशोधन, म्हणजे ज्यात कोणी काही दिवे लावील अशी कोणाचीच अपेक्षा नसते तेच क्षेत्र, मला सर्वांत सोयीचे वाटते.

आधी 'धोरणाचे संशोधन' म्हणजे काय ते सांगतो. "आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते" ही म्हण आपण शंभरदा वापरतो. वापरताना हसू कोणाचे येते? दळणाऱ्याचे. दार कोणी उघडे टाकले, पिठावर झाकण का नव्हते, जाते अशा कोपऱ्यात कोणी मांडले, हे आजवर एकाही मराठी माणसाने विचारलेले नाही. डॉक्टर त्या आंधळ्याचे डोळे तपासतील. दानशूर मंडळी त्याला आणखी पायलीभर धान्य देतील. दार कोणी उघडे टाकले हे शोधून काढण्यासाठी मात्र कोणाला तरी महिना पगार देऊन, दोन-चार वर्षे त्या जात्यापाशी बसवावे लागते. अपंग-धोरणाचे संशोधन म्हणतात ते हेच, आणि त्यासाठी विद्यार्थ्याला द्यावयाचा जो पगार, तीच ही फेलोशिप.

आता एक आकडा पाहा. १९८१ च्या जनगणनेत भारतातले अपंग भरले सुमारे ११ लाख. १९९१ साली तो प्रश्नच वगळला होता. जावेद अबिदी यांच्यासारख्या, स्वतः चाकांच्या खुर्चीत बसून सरकारशी भांडणाऱ्या माणसांनी धरणे धरून, दारे ठोठावून २००१ साली तो परत घालावयास लावला. त्या वर्षी अपंग भरले २ कोटी १९ लाख. वीस वर्षांत वीसपट! या वीस वर्षांत देशावर काही अशी धाड पडली नव्हती की दोन कोटी माणसे लंगडी-आंधळी व्हावीत. माणसे तीच होती, प्रश्न बदलला होता. १९८१ साली अपंगत्वाचे तीनच प्रकार विचारले होते, २००१ साली पाच विचारले, आणि मोजणाऱ्यांना निदान विचारा असे तरी बजावले होते.

२०११ साली आकडा आला २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्यांपैकी महाराष्ट्रात २९ लाखांवर. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या जगाचा अंदाज दिला तो १५ टक्के. आता भारतातली माणसे जगापेक्षा सातपट धडधाकट आहेत असे मानावयाचे असेल तर खुशाल माना. परंतु त्याआधी आपल्याच घरात डोकावून पाहा. गणना करणारे मास्तर दारात येतात, घामाघूम झालेले असतात, विचारतात, "घरात कोणी अपंग?" आपण म्हणतो, "छे हो, देवाच्या दयेने सगळे ठीक." आतल्या खोलीत आजी असतात. त्यांना तीन वर्षांपासून ऐकू येत नाही, रामरक्षा म्हणताना त्या मध्येच ओरडतात. आजोबा भिंत धरून मोरीपर्यंत जातात. ते अपंग नव्हेत, ते 'वयामुळे'. थोरल्या भावाचा मुलगा चौदा वर्षांचा होऊनही बुटाची नाडी बांधू शकत नाही. तो 'जरा हळू' आहे. हे खोटे बोलणे नव्हे. 'अपंग' हा शब्दच असा आहे की तो आपल्या माणसाला लावताना जीभ अडखळते.

म्हणून जगातल्या संख्याशास्त्र्यांनी, २००१ साली सुरू झालेल्या एका गटाने, सहा साधे प्रश्न तयार केले. चष्मा लावूनही दिसावयास त्रास होतो का? ऐकावयास? चालावयास, जिना चढावयास? आठवावयास? अंघोळ-कपडे करावयास? आपले म्हणणे दुसऱ्याला समजावून देण्यास? त्यांत 'अपंग' हा शब्द कोठेही नाही. हे प्रश्न विचारले की आतल्या खोलीतल्या आजी आपोआप बाहेर येऊन ओळीत उभ्या राहतात. एवढ्या एका शोधाने किती माणसे कागदावर जन्माला आली असतील! आणि कागदावर जन्मल्यावाचून सरकारच्या तिजोरीतून पै सुटत नाही, हे वाचकांना मी सांगावयास नको.

आपल्याकडे काय झाले? २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस केले. पण २०११ च्या जनगणनेत तर आठच प्रकार विचारलेले. २०२१ ची जनगणना लांबत २०२७ वर गेली. म्हणजे कायद्याला जी माणसे ठाऊक झाली, ती दशकभर जनगणनेच्या खिजगणतीत नव्हती. मध्यंतरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत अपंगत्वाचा प्रश्न होता. २०२३ साली सहाव्या फेरीची प्रश्नावली आली तेव्हा तो गाळलेला निघाला. सबब अशी की २०१८ च्या नमुना पाहणीचे आकडे आहेतच, ते काही एवढ्यात बदलत नाहीत! हे 'बदलत नाहीत' कोणी पाहिले? न पाहताच बदलत नाहीत हे कळण्याची विद्या आमच्या दिल्लीकरांनाच अवगत आहे.

बरे, त्या २०१८ च्या पाहणीने काय सांगितले तेही ऐका. अपंगांपैकी प्रमाणपत्र असलेले शेकडा २८.८. पंधरा वर्षांवरच्या अपंगांत दहावी किंवा त्यापुढे शिकलेले शेकडा १९.३. प्रमाणपत्राशिवाय सवलत नाही, दहावीशिवाय कॉलेज नाही. या दोन चाळण्यांतून जो गळून खाली येतो, तो पुढे बी.ए., एम.ए. होतो, नेट परीक्षा देतो आणि मग केंद्र सरकारच्या फेलोशिपच्या दारात येतो. ही योजना २०१२-१३ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, पुढे नाव बदलले. जागा साऱ्या देशात दरसाल २००. ही योजना चांगली आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. तिच्यामुळे कित्येक मुले-मुली प्राध्यापक झाल्या. परंतु तिची नियमावली वाचताना एका ओळीपाशी मी थबकलो. अंध अथवा अपंग संशोधकाच्या वाचकासाठी वा मदतनिसासाठी भत्ता: दरमहा २,००० रुपये. दिवसाला सदुसष्ट रुपयेही नाहीत. पुण्यात एवढ्या पैशांत माणूस रोज येऊन वाचून दाखवील काय? तो येताना रिक्षा करील तर तिच्यातच ते संपतील. ज्याने ही रक्कम ठरविली त्याने कधी कोणाला तासभर मोठ्याने वाचून दाखविलेले नाही, एवढे मी पैजेवर सांगतो.

मी दाखविले आहे, म्हणून लिहितो. मी एका महाविद्यालयात मराठी शिकवीत असताना माझा एक विद्यार्थी पूर्ण अंध होता. एम.ए.ला उत्तम गुण, कान असा तिखट की वर्गात कोणी पान उलटले तर कोणाचे पुस्तक हे तो सांगे. त्याला पीएच.डी. करावयाची होती आणि विषयही त्याने स्वतः काढला होता: अपंगांविषयीच्या शासन निर्णयांची भाषा. 'आंधळे-पांगळे' पासून 'अपंग', 'अपंग' पासून 'दिव्यांग' हा प्रवास तर त्यात होताच. पण त्याची खरी नजर (हा शब्द त्याचाच) होती ती क्रियाविशेषणांवर. "शक्यतो", "यथावकाश", "निधीच्या उपलब्धतेनुसार", "आवश्यक वाटल्यास". तो म्हणे, "सर, सवलत नामात असते आणि नकार क्रियाविशेषणात असतो." मराठीच्या अभ्यासकाला याहून सुंदर विषय मी कल्पू शकत नाही. रविवारी दुपारी मी त्याला ते शासन निर्णय वाचून दाखवी. बोलणारा संगणक त्याच्यापाशी होता, परंतु जुने निर्णय छायाचित्रांसारखे चढविलेले असत, त्यांपुढे तो यंत्रातला आवाज मुकाट बसे. अंधांसाठी काढलेला हुकूम अंधाला वाचता येऊ नये, यात कोणाला काही विचित्र वाटत नव्हते.

त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. मध्ये एक विलायतेतली हकीकत आहे, ती आधी ऐकावयास हवी. कारण संशोधन दुसऱ्यांच्या हाती राहिले म्हणजे काय होते ते तिच्यात स्वच्छ दिसते.

इंग्लंडात हॅम्पशायर परगण्यात ले कोर्ट नावाचा एक वाडा होता. लेनर्ड चेशायर या वैमानिकाने १९४८ साली तेथे अपंगांसाठी आश्रम काढला. (त्यांच्याच संस्थेचे घर पुढे १९५० च्या दशकात मुंबईत अंधेरीला निघाले.) पॉल हंट हा तरुण, स्नायू झिजत जाण्याचा विकार असलेला, १९५६ पासून तेथे राहत होता. खाणेपिणे बरे होते. परंतु झोपावयाचे किती वाजता, बाहेर जावयाचे कोणाबरोबर, हे ठरविणार व्यवस्थापक. रहिवाशांनी कारभारात वाटा मागितला. भांडण विकोपास गेले तेव्हा त्यांनीच, रहिवाशांनीच, लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेच्या संशोधकांना बोलाविले: या, पाहा, आणि निःपक्षपाती निवाडा करा. सरकारने पैसे दिले. मिलर आणि ग्विन या दोन विद्वानांनी काही वर्षे खपून १९७२ साली ग्रंथ लिहिला. निवाडा असा की, या आश्रमांत येणारा माणूस समाजाच्या लेखी मेलेलाच असतो. या सामाजिक मरणापासून खऱ्या मरणापर्यंतची वाट त्याला सुखाने काढता यावी, एवढेच आश्रमाचे काम. तो मेला कोणी, हे त्यांनी विचारले नाही. तो तसा निसर्गतःच मेला, असे गृहीत धरले.

ज्यांनी विश्वासाने दार उघडले त्यांच्यावरच हा निवाडा उलटला. हंटने त्या संशोधकांना 'बांडगूळ' ठरविणारा लेख लिहिला. तो १९७९ मध्ये वारल्यावर १९८१ साली छापून आला. पण त्याने केवळ शिव्या दिल्या नाहीत. १९७२ च्या सप्टेंबरात त्याने 'गार्डियन' पत्रात एक छोटे पत्र देऊन आपल्यासारख्यांना साद घातली. त्यातून जी संघटना उभी राहिली तिने १९७६ साली मांडून दाखविले की, पाय नसणे ही एक गोष्ट आणि जिन्यामुळे अडणे ही दुसरी. पहिली शरीराची, दुसरी समाजाने लादलेली. आज जगभरच्या कायद्यांत, आपल्याही २०१६ च्या कायद्यात, हा विचार शिरलेला आहे. तो सरकारी खर्चाने झालेल्या त्या ग्रंथातून आला नाही. तो ज्यांना झोपण्याची वेळ ठरविण्याचाही अधिकार नव्हता त्यांच्या डोक्यातून आला. दिवे लावणे याहून निराळे काय असते?

विलायतच कशाला? राजीव रतुरी या दृष्टिबाधित गृहस्थांनी रस्ते-इमारती अपंगांना वापरता याव्यात म्हणून २००५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. वर्षे गेली. हुकूम निघत होते आणि पायऱ्या जागच्या जागी होत्या. शेवटी न्यायालयाने हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या अपंगत्व-अभ्यास केंद्राला सांगितले की, काय अडते आहे ते शोधून काढा. केंद्राने निरनिराळ्या अपंगत्वांच्या माणसांशी बोलून अहवाल दिला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल लागला: सरकारच्या नियमावलीतला पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे. कायदा म्हणतो 'केलेच पाहिजे', आणि नियमाखालच्या सूचना म्हणतात 'केल्यास बरे'! कुत्रे आत येण्याचे दार ते हेच. माझ्या विद्यार्थ्याच्या क्रियाविशेषणांची मला त्या दिवशी फार आठवण झाली.

आता आक्षेप. पहिला आक्षेप भल्या माणसांचा असतो: एवढे पैसे संशोधनावर कशाला, थेट गरजूंना वाटा की! बरे, वाटताना काय झाले ते पाहू. कायद्याने अपंग धरला जातो तो ४० टक्क्यांना. केंद्र सरकारचे अपंग-निवृत्तिवेतन मिळते ८० टक्क्यांना, तेही दारिद्र्यरेषेखाली असल्यास. केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये, २०१२ पासून. चाळीसचे ऐंशी का झाले? एकोणऐंशी टक्के अपंग असलेला माणूस कोणत्या टक्क्याने कमावून खातो? भाव चढले, ते तीनशे तीनशेच का राहिले? वाटणाऱ्याला हे प्रश्न पडत नाहीत. त्याचा हात चालू असतो, डोके नव्हे. हे प्रश्न पडावयास मोकळा वेळ लागतो, आणि गरीब घरच्या विद्यार्थ्याला मोकळा वेळ विकत घेऊन द्यावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे आणि तो अपंग विद्यार्थीच घेतात: आम्ही अपंग म्हणून आयुष्यभर अपंगत्वावरच लिहावे काय? आम्हांला खगोलशास्त्र नको? शेक्सपिअर नको? हवे, अवश्य हवे. त्या दोनशे जागांना विषयाचे बंधन नाही, ते नसावेच. मी मागतो आहे ती निराळीच फेलोशिप. ती माणसाच्या प्रमाणपत्राला नव्हे, प्रश्नाला द्यावयाची. ती डोळस मुलीलाही मिळावी. अट एवढीच की तिच्या कामाची परीक्षा घेणाऱ्यांत निम्मे तरी अपंग असावेत. ले कोर्टच्या रहिवाशांना तो ग्रंथ छापण्यापूर्वी तपासावयास मिळाला असता तर काय झाले असते, याचा विचार करावा.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी 'बार्टी' आहे, मराठा समाजासाठी 'सारथी', इतर मागासांसाठी 'महाज्योती'. त्या असाव्यात, पण अपंगांच्या धोरणाचा अभ्यास यांपैकी कोणाचेच काम नव्हे. २०२२ साली राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला आणि देशात पहिला म्हणून पाठ थोपटून घेतली. थोपटावी. पण कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात, अपंगांच्या पुनर्वसनासाठी आणि सक्षमीकरणासाठी सरकारने संशोधन करवून घ्यावे, असे लिहिले आहे. मग हिशेब करा. जिल्हे छत्तीस. जिल्ह्यास दोन विद्यार्थी, म्हणजे बहात्तर. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला मिळतात तेच ३७,००० रुपये महिना. वर्षाचा खर्च सुमारे ३ कोटी २० लाख. दक्षिण मुंबईत एवढ्यात मनाजोगता एक फ्लॅटही येत नाही. या बहात्तर जणांनी आपापल्या जिल्ह्यात बसून एकेकच गोष्ट पाहावी: नंदुरबारच्या पाड्यावरून प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयापर्यंत किती खेपा पडतात, पाच टक्क्यांच्या निधीतून ग्रामपंचायतींनी काय काय घेतले, सवलतीच्या पासाने एस.टी.त चढता येते की पास खिशात आणि माणूस फलाटावर. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून १९८४ साली संस्था उभी केली, ती अशाच प्रश्नांची उत्तरे हातांनी शोधीत. प्रत्येक जिल्ह्याला नसीमाताई मिळतील या भरवशावर राज्य चालवावयाचे असते काय?

आता तो विद्यार्थी. त्याचा विषय समितीपुढे गेला. समितीतली मंडळी दुष्ट नव्हती. उलट फार प्रेमळ होती, आणि घात तेथेच झाला. शासन निर्णय म्हणजे काही साहित्य नव्हे, असे एक म्हणाले. एवढी सरकारी कागदपत्रे तुला कोण वाचून दाखवणार, असे दुसरे कळवळ्याने म्हणाले. जरा सोयीचा विषय घे. मी बाहेर बाकावर बसलो होतो. तो बाहेर आला, काठी उघडली आणि म्हणाला, "सर, यथावकाश." त्याने पुढे दुसऱ्या विषयावर प्रबंध लिहिला, पदवी मिळविली, आता दूरच्या एका गावी शिकवितो. प्रबंधाचा विषय होता संतकाव्यातील प्रकाशाच्या प्रतिमा. समितीला तो फार आवडला होता.

त्याने जमविलेल्या शासन निर्णयांच्या झेरॉक्स प्रतींची फाइल अजून माझ्या कपाटात आहे. कोणा विद्यार्थ्याला हवी असेल तर त्याने खुशाल येऊन न्यावी. सकाळी दहानंतर मी घरीच असतो. जिना आहे, पण हाक मारल्यास मी खाली येतो.